खडकावरचं मैदान

लोकरीच्या टोपीचा विषय निघाला की माझा सहकारी वैतागतो. कोपनहेगनच्या आमच्या ऑफिसात तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. गडी उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांचा. आणि फेरो बेटं म्हटलं की फुटबॉल पाहणाऱ्या जगाला एकच गोष्ट आठवते, डोक्यावर गोंडा असलेली पांढरी टोपी घालून गोलात उभा राहिलेला एक माणूस. मीही ओळखीच्या पहिल्याच आठवड्यात तेच बोलून बसलो. कोल्हापूरचा माणूस फुटबॉलचा विषय सोडणार थोडाच! तो शांतपणे म्हणाला, "टोपी सगळ्यांना आठवते. पण आमचा घरचा सामना स्वीडनमध्ये का झाला, हे कुणी विचारत नाही."

हा सामना 12 सप्टेंबर 1990 चा. युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेच्या पात्रता फेरीत फेरो बेटं आयुष्यात पहिल्यांदाच उतरली होती आणि समोर होता ऑस्ट्रिया. त्याच उन्हाळ्यात इटलीतला विश्वचषक खेळून आलेला. ऑस्ट्रियाचा टोनी पोल्स्टर सामन्याआधी दहा-शून्यची भाषा करत होता, असं सांगतात. सामना संपला एक-शून्य. गोल केला तॉर्किल निल्सनने, जो एरवी लाकूड विकणाऱ्या कंपनीत विक्रेता होता आणि बुद्धिबळातही पट्टीचा. गोलात टोपी घालून उभा होता येन्स मार्टिन क्नुड्सन, मासळीच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणारा. लहानपणी डोक्याला मार लागला, तेव्हा 'टोपी घालणार असशील तर खेळ' अशी आईची अट होती म्हणे. ऑस्ट्रियाचे प्रशिक्षक योसेफ हिकर्सबर्गर यांना राजीनामा द्यावा लागला.

आणि हे सगळं घडलं स्वीडनमधल्या लांड्सक्रूना गावात. कारण यजमानांकडे मैदानच नव्हतं. म्हणजे खेळायला जागा होत्या; खडी-वाळूच्या होत्या, कृत्रिम पृष्ठभागाच्याही होत्या. पण आंतरराष्ट्रीय सामन्याला चालेल असं गवताचं एकही मैदान त्या अठरा बेटांवर नव्हतं. देशाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा विजय, आणि देशातल्या माणसांनी तो परमुलुखातून आलेल्या प्रक्षेपणावर पाहिला.

मला त्याचा वैताग कळायला वेळ लागला. तिथं जाऊन आल्यावर कळला.

2024 च्या जूनमध्ये त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. कोपनहेगनहून दोनेक तासांचं विमान. आइसलँड, नॉर्वे आणि स्कॉटलंड यांच्या मधोमध समुद्रात कुणीतरी काळ्या बेसॉल्टचे तुकडे भिरकावून द्यावेत आणि वरून हिरवी मखमल अंथरावी, तसा तो मुलूख. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला तो कातळ ओळखीचा वाटतो. तोच ज्वालामुखीचा दगड, त्याच पायऱ्या पायऱ्यांच्या कडा. फरक एवढाच, की झाड नाही आणि सपाटी नाही. डोंगर उतरतो तो थेट पाण्यात. अधूनमधून एखादी वीतभर जागा, तिथं गाव. घरं, चर्च, बंदर यांना पुरून उरलेल्या जागेत फुटबॉलचं मैदान बसवायचं म्हणजे साडेतीन खोल्यांच्या घरात झोपाळा बसवण्यातला प्रकार.

तरी त्यांनी बसवलं. एइदी नावाच्या गावात समुद्र आणि तळं यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीवर एक जुनं मैदान आहे. आता तिथं तंबू ठोकून पर्यटक राहतात, पण आखणी अजून ओळखू येते. तिथं जोरात मारलेला बॉल एका बाजूला तळ्यात आणि दुसऱ्या बाजूला अटलांटिकमध्ये.

आणि तोफ्तिर. ऑस्ट्रियावरच्या विजयानंतर देशाला लाज वाटली म्हणा किंवा हुरूप आला म्हणा, या गावाच्या वरच्या डोंगरात जागा करून स्वांगास्कार्ड नावाचं गवताचं मैदान उभं राहिलं आणि राष्ट्रीय संघ स्वीडनहून घरी आला. मी तिथं उभा राहिलो तेव्हा जूनमध्येही वारा असा होता, की बोलताना वाक्याचा शेवट दुसऱ्याच दिशेला जात होता. खाली समुद्र, मागे कातळाची कापलेली भिंत. माझा सहकारी त्या भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "हा आमचा पुतळा."

या लोकांची संख्या किती, तर सुमारे 54 हजार. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या घरात होतं. म्हणजे आमच्या गावाचा दहावा हिस्सा. मी तिथं बसून एक हिशोब मांडला. निम्म्या बायका वजा केल्या, पोरं आणि म्हातारे वजा केले, तर अठरा ते पस्तीस वयाचे पुरुष उरतात सहा-सात हजार. त्यातून बोटींवर गेलेले आणि शिकायला डेन्मार्कला गेलेले काढा. ज्यांचा गुडघा गेलाय ते काढा. उरलेल्यांतून अकरा माणसं निवडून मॉद्रिचच्या क्रोएशियापुढे उभी करायची. आमच्याकडे एका पेठेच्या गणेशोत्सवाला याहून जास्त कार्यकर्ते निघतील.

देश म्हणावं की नाही, हाही प्रश्नच. 1948 पासून बेटांना स्वशासन आहे. स्वतःची संसद आहे, भाषा आहे, झेंडा आहे. परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण मात्र डेन्मार्ककडे. संयुक्त राष्ट्रांत त्यांना खुर्ची नाही. फिफात मात्र 1988 पासून आणि युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेत 1990 पासून आहे, आणि फिफात त्यांच्या मताची किंमत ब्राझीलच्या मताइतकीच. राजकारणात जे आडमार्गानेही मिळालं नाही, ते खेळात सरळ दारातून मिळालं. सामन्याआधी त्यांचा झेंडा चढतो, त्यांचं गाणं वाजतं. माझा सहकारी डेन्मार्कच्या पासपोर्टवर फिरतो. 4 सप्टेंबर 2021 ला डेन्मार्क बेटांच्या राजधानीत, तोर्सहाव्नला, विश्वचषकाची पात्रता खेळायला गेला होता, तेव्हा तो माझ्या घरी सामना पाहायला आला. कुणाच्या बाजूने बसायचं, असा बावळट प्रश्न मी विचारला. त्याने जाकीट काढून आतली पांढरी जर्सी दाखवली, बस्स. त्या मोसमात डेन्मार्कला कुणी रोखू शकत नव्हतं. त्यांना 85 व्या मिनिटापर्यंत गोल मिळाला नाही. मग योनास विंडने तो केला. मी हळहळलो. तो म्हणाला, "पंच्याऐंशी मिनिटं!" आणि उरलेलं पोह्यांचं भांडं पुसून संपवलं.

हरण्याकडे पाहायची ही नजर मला आपल्याकडे क्वचित दिसते. ऑस्ट्रियावरचा विजय ही गोष्टीची सुरुवात होती खरी, पण पुढची पानं वाचवत नाहीत. 1994 च्या विश्वचषकाची पात्रता फेरी ते खेळले आणि दहापैकी दहा सामने हरले. स्पर्धात्मक सामन्यातला दुसरा विजय मिळायला 1995 साल उजाडलं, तोही सान मारिनोवर. मधली जवळजवळ पाच वर्षं दर काही महिन्यांनी कुणीतरी येऊन पाच-सहा गोल घालून जायचं. सोमवारी खेळाडू कामावर. त्यातला कुणी शाळेत शिक्षक असेल, तर पोरांपुढे काय तोंडाने उभा राहत असेल! पण ती पाच वर्षं फुकट गेली असं तिथं कुणी म्हणत नाही. प्रशिक्षक म्हणून तेव्हा आलान सिमोन्सन आले होते. 1977 चा बॅलन डी'ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळवलेला डॅनिश खेळाडू, इंग्लंडच्या केव्हिन कीगनला मागे टाकून. असा माणूस मासळीच्या कारखान्यातून सुटून आलेल्या पोरांना उभं कसं राहायचं ते शिकवत सात वर्षं राहिला. त्याआधी ऑस्ट्रियाला हरवणाऱ्या संघाचे प्रशिक्षक होते आइसलँडचे पॉल गुडलॉग्सन. पुढे आयर्लंडचे ब्रायन केर आले, मग 1992 च्या युरोविजेत्या डेन्मार्कचे कर्णधार लार्स ओल्सन आले. आधी बाहेरून वस्ताद आणायचा, घरचा तयार होईपर्यंत.

सहकाऱ्याची स्वतःची आठवण 2002 ची. तेव्हा तो नऊ वर्षांचा. तोफ्तिरच्या त्याच मैदानावर स्कॉटलंड आलेला, आणि बारा मिनिटांत योन पेटर्सनने दोन गोल केले. दोन-शून्य! मध्यंतराला आजूबाजूची मोठी माणसं एकमेकांशी बोलतच नव्हती, असं तो सांगतो. दृष्ट लागेल म्हणून. दुसऱ्या सत्रात स्कॉटलंडने दोन गोल फेडले आणि सामना बरोबरीत सुटला. बाहेरच्या जगाने त्याला चमत्कार म्हटलं. याच्या बाबांनी घरी येऊन बूट आपटले, की जिंकलेला सामना घालवला.

'चमत्कार' या शब्दावर माझाही आता विश्वास राहिलेला नाही. चमत्कार म्हटलं की मधल्या माणसांची मेहनत पुसली जाते, शिवाय पुढच्या वेळी हरल्यावर सुटायला वाटही राहते. त्या बेटांवर मी पाहिलं ते सगळं भलतंच रटाळ होतं. प्लास्टिकचं गवत, बोगदे, किल्ल्यांचे जुडगे.

प्लास्टिकच्या गवताची गंमत अशी. 1990 मध्ये ज्यांना कृत्रिम मैदानामुळे घरी खेळू दिलं नव्हतं, त्यांच्या कामाला शेवटी कृत्रिम मैदानच आलं. नव्या पिढीचं गवत आलं, नियम बदलले, आणि युएफाच्या 'हॅटट्रिक' योजनेतून 2004 पासून छोट्या संघटनांना बांधकामासाठी पैसा मिळू लागला. जिथं पाऊस थांबत नाही आणि नैसर्गिक गवताला वर्षातले जेमतेम काही महिने मिळतात, तिथं ही हिरवी चटई म्हणजे बारा महिने सराव. गाडीतून जाताना दर वळणावर, चर्चच्या मागे, बंदराला लागून, ती चटई दिसत राहते. तिच्याभोवती उंच जाळी, बॉल समुद्रात जाऊ नये म्हणून. दिवे संध्याकाळी लागतात आणि कुणाचीही परवानगी न घेता पोरं आत शिरतात. फाटकाला कुलूप नाही. कोल्हापुरात आम्ही लहानपणी मेरी वेदरवर जागा धरायला उन्हात तासभर आधी जायचो, आणि पावसाळ्यात गांधी मैदानाचं तळं व्हायचं. मला ते उघडं फाटक फार वेळ पाहवलं नाही.

बोगद्यांचं मला आधी लक्षात आलं नव्हतं. पण विचार करा, अठरा बेटांवर लीग चालवायची म्हणजे दर आठवड्याला प्रवास. 1942 पासून त्यांची लीग आहे. संघ बोटीने जायचे, समुद्र खवळला की सामना पुढे. हळूहळू समुद्राखालून बोगदे झाले. 2006 मध्ये क्लाक्सविक जोडलं गेलं. 2020 च्या डिसेंबरात राजधानी तोर्सहाव्न आणि एस्तुरोय बेट यांच्यातला बोगदा सुरू झाला, ज्यात समुद्राच्या तळाखाली चक्क एक गोल चौक आहे, निळ्या-हिरव्या दिव्यांनी उजळलेला. तोर्सहाव्नहून रूनाविकचं अंतर 64 मिनिटांवरून 16 वर आलं. कामावरून पाचला सुटणारा सुतार सहाला दुसऱ्या बेटावर सरावाला हजर राहू शकतो, हे फुटबॉलच्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं. रस्ता सरकारने मासळीच्या ट्रकसाठी केला. डावा बचावपटूही त्यावरून गेला.

किल्ल्यांचं जुडगं सहकाऱ्याच्या बाबांकडे आहे. ते निवृत्त मेकॅनिक. गावच्या क्लबचे ते काहीच नाहीत आणि सगळंच आहेत. गोलची जाळी शिवणं, रेषा झाडणं, दिव्यांचं टायमर. आई क्लबच्या खोलीत कॉफी आणि वाफल विकते. ते पैसे बारा वर्षांखालच्या मुलींच्या प्रवासाला जातात. तालमीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडेही दिवसभर कुठंतरी राबून संध्याकाळी शाहू स्टेडियमवर पेठेची जर्सी घालणारी पोरं आहेत, आणि वर्गणी मागत फिरणारे काका आहेत. मी बाबांना तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमच्या गावात माणसं किती? मी सांगितलं. मुलाने आकडा भाषांतर करून सांगितल्यावर त्यांना वाटलं चूक झाली, म्हणून पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "आणि मैदानं?" मी बोटं मोजायला घेतली आणि एका हातावरच थांबलो.

त्या रात्री, म्हणजे साडेदहाला लख्ख उजेड असताना, खालच्या श्रेणीतला एक सामना आम्ही कुंपणाला टेकून पाहिला. दर्जा साधारणच. पण एक गोष्ट विलक्षण होती. प्रेक्षकांतून कुणी शिव्या देत नव्हतं. मला आधी वाटलं, संस्कार. सहकारी हसला. "पंच माझ्या चुलत बहिणीचा नवरा आहे. ज्याने आत्ता पास चुकवला, तो उद्या आमचा बॉयलर दुरुस्त करायला येणार आहे. शिवी देऊन कुठं जाणार?" छोट्या देशाचं हेही एक दुखणं आहे, असं मला वाटतं. टीका करायला लागतं ते अंतरच तिथं मिळत नाही. निवड समितीतल्या माणसाची बायको तुमच्या पोराची शिक्षिका असते. कदाचित म्हणूनच इतकी वर्षं बाहेरचा प्रशिक्षक सोयीचा पडला असेल. त्याला कुणाच्या बारशाला जायचं नसतं.

फळं दिसायला लागली ती 2014 पासून. नोव्हेंबरात त्यांनी पिरायसला जाऊन ग्रीसला एक-शून्य हरवलं. योआन सिमुन एडमुंड्सनचा गोल. ग्रीसचे प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांची नोकरी गेली, आणि दीड वर्षात त्यांनी लेस्टरला प्रीमियर लीग जिंकून दिली, म्हणजे फेरोवाल्यांचे इंग्लंडवरही उपकार झाले म्हणायचे. पुढच्या जूनमध्ये तोर्सहाव्नला ग्रीस पुन्हा हरला, दोन-एक. 2022 मध्ये तुर्कस्तान हरलं. 2023 मध्ये क्लाक्सविक, पाचेक हजार वस्तीचं गाव, त्याच्या के आय या क्लबने बुडापेस्टमध्ये फेरेंक्वारोशला तीन-शून्य उडवलं, मग स्वीडनच्या विजेत्या हॅकनला पेनल्टींवर बाहेर काढलं आणि कॉन्फरन्स लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या गटात शिरलं; तिथवर पोहोचलेला बेटांवरचा पहिला क्लब. लिलसारख्या फ्रेंच संघाला शून्य-शून्यवर थोपवलं. मला यात एक काळजीही दिसते. युरोपातून एकाच क्लबकडे एवढा पैसा आला, की घरच्या लीगमधले बाकीचे नऊ संघ त्याच्यामागे धापा टाकणार. सहकाऱ्याला हे पटत नाही. त्याचं गाव क्लाक्सविकचं नाही, तरीही.

आणि मग 2025 चा ऑक्टोबर. विश्वचषकाची पात्रता, प्रशिक्षक आता घरचाच, एयदुन क्लाकस्टाइन. 9 तारखेला माँटेनेग्रोला चार-शून्य. 12 तारखेला झेक प्रजासत्ताकाला दोन-एक. दर वेळेप्रमाणे समोरच्या प्रशिक्षकाची खुर्ची गेली. ऑफिसात सोमवारी त्याच्या टेबलावर कुणीतरी केक आणून ठेवला होता, वर साखरेची टोपी. त्याने टोपी उचलून कचऱ्यात टाकली आणि केक वाटला.

शेवटचा सामना क्रोएशियाशी, 14 नोव्हेंबरला रियेकात. जिंकले असते तर आशा जिवंत राहिली असती. आम्ही माझ्याच घरी बसलो होतो. त्याने वाऱ्यावर वाळवलेलं मेंढीचं मटण आणलं होतं, ज्याच्या वासाने माझ्या बायकोने सगळ्या खिडक्या उघडल्या. सोळाव्या मिनिटाला गेझा डेव्हिड तुरीने गोल केला. फेरो बेटं एक, क्रोएशिया शून्य. खोलीत कुणी बोललं नाही. मलाही एव्हाना दृष्टीचं समजलं होतं. मग क्रोएशियाने एक फेडला, आणि दुसऱ्या सत्रात आणखी दोन घातले. तीन-एक. आठ सामन्यांत बारा गुण, गटात तिसरे. त्याच आठवड्यात कुरसाव विश्वचषकाला पोहोचलं, नेदरलँड्सच्या राज्यातलं कॅरिबियनमधलं दीड लाखाचं बेट, आजवरचा सगळ्यात छोटा देश. त्या संघातली बहुतेक पोरं नेदरलँड्समध्ये जन्मलेली आणि तिथल्या अकादम्यांत तयार झालेली. त्यात वाईट काही नाही. पण फेरोच्या पोरांना अशी मावशी नाही. त्यांना जे करायचं ते त्या हिरव्या चटईवर, त्या वाऱ्यात.

सामना संपल्यावर त्याने आईला फोन लावला. ती क्लबच्या खोलीत सगळ्या गावाबरोबर सामना पाहत होती. मला त्यांची भाषा कळत नाही, पण दुःखाचा सूर कळतो, आणि तो काही ऐकू आला नाही. मिनिटभरात बोलणं संपलं. काय म्हणाली, विचारलं.

"वाऱ्याने छोट्या पोरांचा गोल आडवा केलाय. सकाळी नऊला सराव आहे. बाबा बॅटरी घेऊन तो उभा करायला गेलेत, आणि तीही निघालीय दुसरी बाजू धरायला."